परमुलखात पाटी लावताना

गेल्या अंकात मी थायलंडमधल्या चियांग माईतल्या आमच्या गेस्ट हाउसबद्दल लिहिलं होतं. खाली स्वयंपाकघर, वर चार खोल्या, जागा एका थाई बाईंची आणि त्याच आमच्या भागीदार. ते सगळं आवरून आम्ही ठाण्याला नौपाड्यातल्या घरी परतलो त्याला बरीच वर्षं झाली, पण लेख छापून आला आणि 'आम्हालाही तिकडे काहीतरी सुरू करायचंय' अशी पत्रं संपादकांकडे येऊ लागली. काही पत्रं सारखीच होती, ती एकत्र केली आहेत. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, तेव्हा कोणाचंच छापत नाही.

ताई, आम्ही नवरा-बायको दोघंही आयटीत आहोत, पंचेचाळिशीला आलो. दोनदा चियांग माईला जाऊन आलो, तिथल्या गुलाबी थंडीच्या प्रेमात आहोत. जुन्या शहराजवळ दहा खोल्यांचं घर भाड्याने मिळतंय. एजंट म्हणतो, कंपनी काढा, ४९ टक्के तुमचे, ५१ टक्के आमच्या ऑफिसातल्या दोन थाई माणसांच्या नावावर. ते फक्त सह्या करतात, धंद्यात लुडबुड करत नाहीत. सगळे परदेशी असंच करतात म्हणे. करावं का?
*एक जोडपं, घोडबंदर रोड, ठाणे*

नाही. आणि त्या एजंटकडे पुन्हा जाऊही नका.

थायलंडचा परदेशी व्यवसाय कायदा १९९९चा आहे. परदेशी माणसाने परवानगीशिवाय काय करायचं नाही याची त्यात यादी आहे, आणि हॉटेल चालवणं आणि खाणंपिणं विकणं या दोन्ही गोष्टी त्या यादीत बसतात. म्हणून ४९ टक्क्यांचा खेळ आला. निम्म्याहून जास्त भाग थाई माणसाकडे असला की कंपनी थाई ठरते. पण तो थाई माणूस खरा भागीदार असावा लागतो. नावापुरता माणूस उभा करणं हा तिथे गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख ते १० लाख बाट दंड, आणि शिक्षा परदेशी माणसाला होते तशी सही करणाऱ्या थाई माणसालाही होते. 'सगळे असंच करतात' यात तथ्य आहे, खोटं नाही म्हणणार. पण एजंटची फी तुम्ही कंपनी काढलीत त्या दिवशीच वसूल झालेली असते. पुढचं तुमचं तुम्ही बघायचं.

पोलिसांचं सोडा. समजा, उद्या त्या ऑफिसातल्या माणसाचं आणि एजंटचं वाजलं. तुमच्या कंपनीचा ५१ टक्क्यांचा मालक तुमचा फोनसुद्धा उचलायला बांधील नाही. कोर्टात जाऊन काय सांगणार? हा मालक खोटा आहे म्हणून? हा तर तुमच्याच गुन्ह्याचा कबुलीजबाब झाला.

आमच्या भागीदार बाईंचा धंद्यात घर हा वाटा होता, आणि त्या रोज सकाळी स्वयंपाकघरात हजर असायच्या. अंड्यांचा हिशेब मागायच्या. तीसचा ट्रे आला, नाश्त्याला किती गेली, उरली किती, फुटली किती. फुटलेल्यांचं काय केलंत हेही विचारायच्या. मला भयंकर वैताग यायचा आणि आमचे हे तर ट्रे आला की छपरावर निघून जायचे. पण जो भागीदार अंडी मोजतो तोच खरा भागीदार, हे मी आज कोणालाही ठासून सांगेन. तुमच्या पत्रात 'लुडबुड करत नाहीत' हा गुण म्हणून लिहिलाय. मला नेमकी त्याचीच धास्ती वाटते.

आता वर्क परमिट. एका परदेशी माणसाच्या परमिटमागे कंपनीचं भांडवल २० लाख बाट आणि पगारावर ४ थाई माणसं, हा तिथला नेहमीचा हिशेब. तुम्हा दोघांनाही काम करायचं तर ४० लाख बाट आणि आठ माणसं. अडीच रुपयाला एक बाट धरलात तरी एक कोटी रुपये होतात. आमच्याकडे परमिट एकाचंच, माझं. तरीही चार खोल्यांमागे चार माणसांचे पगार होते. नुसत्या खोल्यांच्या भाड्यात ते निघेनात, म्हणून तर खाली खानावळ सुरू झाली. लोकांना वाटतं आम्हाला स्वयंपाकाची हौस होती.

खोल्या चारच का, असंही काहींनी विचारलंय. तेव्हा नियमच तसा होता. चार खोल्या आणि वीस पाहुण्यांपर्यंत हॉटेलचा पूर्ण परवाना लागत नसे, नोंदणी पुरायची. २०२३ साली ती मर्यादा आठ खोल्या आणि तीस पाहुणे अशी वाढली. तुमच्या घराला दहा खोल्या आहेत, म्हणजे हॉटेलचा पूर्ण परवाना. त्यासाठी इमारतच हॉटेल म्हणून मंजूर असावी लागते, आणि जुन्या शहरातल्या राहत्या घरांना ती मंजुरी सहजी मिळत नाही. आठच खोल्या पाहुण्यांना देऊन उरलेल्या दोन स्वतःसाठी ठेवता येतील का, हे अम्फोत, म्हणजे तिथल्या तालुक्याच्या कचेरीत जाऊन लेखी विचारा. एजंटला विचारू नका. तो 'येईल की' म्हणेल.

लीजचंही बघा. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही, भाडेपट्टा जास्तीत जास्त ३० वर्षांचा. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा लँड ऑफिसात नोंदवला नाही, तर तीनच वर्षांपुरता टिकतो, कागदावर तुम्ही काहीही लिहा. नोंदणीचा खर्च असतो, मालकाला त्यातून कर लागतो, म्हणून मालक 'तीन अधिक तीन अधिक तीन' असा करार पुढे करतात. पहिले तीन तुमचे. पुढचे सहा मालकाच्या मर्जीचे, आणि मालक वारला तर त्याच्या मुलांच्या. त्या तीन वर्षांत तुम्ही न्हाणीघरं नवी केलेली असतात, गच्ची बांधलेली असते. त्याशिवाय आधीच्या भाडेकरूला मोजायची पागडी वेगळी. ठाण्यातल्या माणसाला पागडी काय असते ते मी सांगायला नको.

थोडक्यात, तुमच्या हातात तीन कागद येणार. जागेचा, परवान्याचा आणि तुमच्या राहण्याचा. तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या हातात आहेत आणि एकमेकांवर टेकलेले आहेत. कंपनी बंद पडली की वर्क परमिट जातं, परमिट गेलं की व्हिसा जातो, आणि जागेचं भाडं मात्र चालू राहतं. कुठलाही बेत ठरवताना यातला सर्वांत कच्चा कागद कोणता ते आधी शोधा. बाकीचे दोन कितीही पक्के असले तरी धंदा त्या कच्च्याइतकाच टिकतो. एजंटचा सल्ला मानलात तर पहिल्याच दिवशी तुमचे तिन्ही कागद कच्चे.

आणि गुलाबी थंडी! म्हणजे तुम्ही दोन्ही वेळा डिसेंबर-जानेवारीतच गेलेले दिसता. आता मार्चमध्ये जा. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत डोंगरात आणि शेतात आगी लावतात, शहर खोलगट भागात आहे, धूर तिथेच बसून राहतो. समोरचा दोई सुथेप डोंगर दिसेनासा होतो. आम्ही चादरी गच्चीवर वाळत घालायचो, त्या काढून नाकाशी धरल्या की चुलीपुढे वाळवल्यासारखा वास. मग पुन्हा धुवा, आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवा. प्रत्येक खोलीत हवा शुद्ध करायचं यंत्र, त्याचं बिल वेगळं. पाहुणे बुकिंग रद्द करतात आणि त्यांना दोषही देता येत नाही. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, पाण्याचा सण, तेवढ्यापुरती गर्दी होते, मग पावसाळा. खरी कमाई नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यावर बाकीचं वर्ष काढायचं. त्यातून ऑनलाइन बुकिंगवाले पंधरा टक्क्यांच्या आसपास कापून घेतात. तुमच्या एक्सेलमध्ये बारा महिने सत्तर टक्के खोल्या भरलेल्या दाखवल्यात (पत्रासोबत तक्ता जोडलाय, छान रंगीत आहे). मार्च आणि सप्टेंबरच्या रकान्यांत वीस टक्के घाला आणि बेरीज पुन्हा करा.

मॅडम, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आले आहेत. बँकॉकजवळ मित्राच्या ओळखीने छोट्या कॅफेत ५० लाख रुपये भागीदारी म्हणून घालायचे आहेत. पुतण्या म्हणतो, बँकेतून पाठवलेस तर कर कापतात. त्यापेक्षा इथे मुंबईत एकाला रुपये द्यायचे, तिथे त्याचा माणूस बाट देतो. कमी पडले तर ऐरोलीच्या फ्लॅटवर कर्ज काढायचा विचार आहे.
*एक वाचक, ऐरोली*

पुतण्याने सांगितलं त्याला हवाला म्हणतात. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली अशा व्यवहाराला रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. ५० लाखांचे दीड कोटी. शिवाय तिथल्या कंपनीत तुमचे पैसे आले कुठून याचा कागद तुमच्याकडे राहत नाही, म्हणजे भागीदारीत भांडण झालं तर तुम्ही एक पैसा घातला होता हे सिद्ध कसं करणार?

सरळ रस्ता तसा अवघड नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत प्रत्येक निवासी भारतीयाला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. तुमचे ५० लाख त्यात आरामात बसतात. मात्र शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या परदेशी कंपनीत भाग घेणं म्हणजे २०२२च्या नियमांप्रमाणे परदेशात थेट गुंतवणूक. बँकेत त्याचा वेगळा फॉर्म, एफसी फॉर्म, भरावा लागतो, युनिक नंबर मिळतो, आणि भागांचं प्रमाणपत्र सहा महिन्यांत बँकेला द्यावं लागतं. काउंटरवरची मुलगी 'मुलाच्या शिक्षणासाठी का?' असं विचारून भलताच कोड टाकेल, लक्ष ठेवा. मोठ्या शाखेच्या परकीय चलन विभागातच जा.

पुतण्या ज्याला कर कापणं म्हणतो तो टीसीएस, पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते तो कर. वर्षाला १० लाखांपर्यंत काही नाही, त्यावर गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेवर २० टक्के. ५० लाख एकदम पाठवलेत तर ४० लाखांवर ८ लाख. हे पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना तुमच्या करातून वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोवर अडकतात, आणि धंद्याच्या पहिल्या वर्षात आठ लाख अडकणं म्हणजे काय हे मी पाहिलंय. काही रक्कम मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवलीत तर १० लाखांची सूट दोन्ही वर्षांची मिळते. त्यात गैर काही नाही. घरात कोणाची नोकरी चालू असेल आणि पैसे त्यांच्या नावाने जात असतील, तर टीसीएसची रक्कम पगारातल्या करकपातीत धरायला त्यांनी ऑफिसात सांगावं. मात्र बायकोच्या मर्यादेतून पैसे पाठवायचे तर भाग तिच्याही नावावर हवेत. मालकी एकाची आणि मर्यादा दोघांची, असं चालत नाही.

फ्लॅटवर कर्ज? एलआरएसमधून परदेशी गुंतवणुकीसाठी बँकांनी कर्ज द्यायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. अर्जात 'घरदुरुस्ती' लिहून कर्ज काढण्याची आयडिया तुम्हाला कोणीतरी देईलच. ऐकू नका. निवृत्तीनंतर डोक्यावरचं छप्पर परक्या देशातल्या कॉफीला बांधायचं?

दरवर्षीची दोन कामं: बँकेमार्फत ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीचा वार्षिक अहवाल, आणि आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता. कॅफे तोट्यात असला तरी तो तक्ता भरायचा. लपवलं तर २०१५च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. हे सगळं करणारा सीए शोधा. सोसायटीचं ऑडिट करणारा प्रत्येक सीए यातला जाणकार असतोच असं नाही. तुम्ही किती जणांचे एफसी फॉर्म भरलेत, एवढंच त्याला विचारा. गप्प बसला तर चहा पिऊन उठा.

काकू, तुमचा लेख आवडला. कायद्याचं कोणी ना कोणी सांगतंच. मला विचारायचंय ते शेजाऱ्यांचं. परक्या बाईला तिथले लोक स्वीकारतात का? आणि मी शुद्ध शाकाहारी आहे, अशा स्वयंपाकघरात निभाव लागेल?
*एक वाचक, नेरुळ*

स्वीकारणं वगैरे फार मोठे शब्द झाले. लोक कामाला येतात, वेळेवर पगार मिळतो का बघतात, कचरा कुठे टाकता ते बघतात.

आमच्या अंगणात कोपऱ्यात खांबावर लहानसं देवघर होतं, तिकडे जवळपास प्रत्येक घराच्या आवारात असतं. जागेचा जो रक्षक आहे त्याचं ते घर. तिथे रोज भात, फुलं, उदबत्ती आणि बाटलीत स्ट्रॉ खोचून लाल फँटा ठेवतात. लालच. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू दाबलं होतं. स्वयंपाकघर वाढवायचं ठरलं तर नकाशात ते देवघर नेमकं मधे येत होतं. गवंड्याने हत्यारं खाली ठेवली ती ठेवलीच. मग भागीदार बाईंनी जाणत्या माणसाला बोलावून मुहूर्त काढला, विधी केला, देवघर दोन हात सरकवलं, तिसऱ्या दिवशी काम सुरू. आपल्याकडे वास्तुशांत केल्याशिवाय सासूबाई नव्या घरात पाऊल टाकत नाहीत, तेव्हा मला त्यात अवघड वाटायचं कारण नव्हतं. पण आमच्याच गल्लीत कॅफे काढणाऱ्या एका युरोपियन मुलाने असलं देवघर रातोरात काढून ट्रकवर चढवलं. त्याच्याकडे कोणी भांडायला गेलं नाही. त्याला फक्त कामाला माणसं मिळेनाशी झाली. तिथला राग असाच असतो, आवाज नसतो त्याला. आपल्यासारखं तोंडावर सुनावलं तर मात्र तुमचीच पत जाते. नोकराला चारचौघांत ओरडलात की तो दुसऱ्या दिवसापासून येत नाही, कारणही सांगत नाही.

खाण्याचं म्हणाल तर नेहमीच्या थाई स्वयंपाकात माशाचं पाणी सगळ्यात असतं, भाजीतसुद्धा. 'नो मीट' म्हणून काही होत नाही, कारण त्यांच्या मते माशाचं पाणी म्हणजे मीठच. पण 'जे' नावाचं एक व्रताचं जेवण तिथे आहे. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. दुकानावर पिवळं निशाण, त्यावर लाल अक्षरं, लांबून ओळखू येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला त्याचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, तेव्हा तर हातगाड्यांवरही मिळतं. आमच्याकडे मुलुंड-घाटकोपरचे जैन पाहुणे आले की मी त्यांना बिनधास्त तिथे पाठवायचे, ते चकित होऊन परत यायचे. तेव्हा तुमचा निभाव नक्की लागेल. वेगळा तवा आणि वेगळी कढई मात्र पहिल्याच दिवशी मांडा, 'ही माझी' असं हसत सांगून. महिन्याभराने सांगाल तर लोकांना वाटेल, इतके दिवस आमचं विटाळलेलं खात होती आणि बोलली नाही.

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून गोडा मसाला नेलात तर हवाबंद न्या. तिथल्या दमटपणात पंधरवड्यात गोळा होतो.

मुलगी ओसाकाला इंजिनिअर आहे. जपानमध्ये गावाकडची रिकामी घरं स्वस्तात मिळतात, तिला एक घेऊन शनिवार-रविवारी पाहुणे ठेवायचे आहेत, क्योतोजवळ. पुढे नोकरी सोडून तेच करायचं म्हणते. आम्ही पैसे द्यावेत का?
*एक पालक, वाशी*

थायलंडच्या बरोबर उलटं चित्र आहे. जपानमध्ये परदेशी माणसाला घर आणि जमीन दोन्ही विकत घेता येतात, स्वतःच्या नावावर, शंभर टक्के. पण घर घेतलं म्हणून त्या देशात राहायचा हक्क एका दिवसाचाही मिळत नाही. ओसाकात आहे ती नोकरीच्या व्हिसावर. त्या व्हिसावर पाहुणे ठेवायचा धंदा करता येईल का, हे घर बघायच्या आधी इमिग्रेशनला विचारायचं. घर घेऊन झाल्यावर नाही.

नोकरी सोडून तेच करायचं तर 'बिझनेस मॅनेजर' व्हिसा लागतो, आणि तिथे दार फार जड झालंय. १६ ऑक्टोबर २०२५च्या आधी ५० लाख येन भांडवल पुरत होतं. त्या दिवसापासून ३ कोटी येन. जोडीला जपानी किंवा तिथला कायम निवासी वगैरे असलेला एक पूर्ण वेळ कर्मचारी, चांगलं जपानी येणारं कोणीतरी, ती स्वतः किंवा तो कर्मचारी, आणि व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा अनुभव किंवा पदव्युत्तर पदवी. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर ३ कोटी येन उभे राहत नाहीत.

राहत्या घरात पाहुणे ठेवायचा कायदा जून २०१८पासून आहे. वर्षाला १८० रात्रींची मर्यादा. क्योतो शहराने आपले नियम आणखी आवळलेत, निव्वळ राहत्या वस्त्यांत साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच परवानगी, म्हणजे चेरी फुलायच्या आधीच दार बंद. रिकामी घरं स्वस्त असतात याची कारणंही घर बघताना दिसतात. छप्पर, वाळवी, जुनी वायरिंग.

पैसे द्या, पण घराला नको. ती तिथे आहेच, तर जपानी भाषेची वरची परीक्षा देऊ दे आणि नोकरी टिकवून कायम निवासाच्या मागे लागू दे. कायम निवास मिळाला की व्हिसाचा हा सगळा जाच संपतो आणि घरं तेव्हाही रिकामीच असतील.

दुबईत भाऊ नोकरीला आहे. आम्ही मिळून वडापाव-मिसळीचं छोटं हॉटेल काढायचं म्हणतोय. अरबी भागीदार लागतोच ना?
*एक वाचक, कळवा*

आता बहुतेक धंद्यांना लागत नाही, २०२१पासून शंभर टक्के मालकी परदेशी माणसाकडे राहू शकते. तुमची अडचण वेगळी आहे. खाद्यपदार्थांच्या परवान्याआधी जागेचा नोंदलेला भाडेकरार लागतो, आणि स्वयंपाकघराचा नकाशा पालिका मंजूर करते. म्हणजे भाडं आधी सुरू होतं, पहिला वडा नंतर तळला जातो. मधले महिने कोणाच्या खिशातून जाणार ते भावाभावांत आत्ताच लिहून ठेवा. धूर बाहेर काढायची चिमणी इमारतीच्या मालकाला चालते का, हे करारावर सही करण्याआधी बघा, कारण तळणाचा धंदा आहे. अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र असलेला एक जबाबदार माणूस हॉटेलात कायम लागतो. भावाची नोकरी चालू असेल तर कंपनीची लेखी परवानगीही आधी घ्या.

आणि मामलेदारच्या चवीची मिसळ तिथल्या आपल्या लोकांना हवी असतेच, पण ते शनिवारी-रविवारी येतात. बुधवारी दुपारी कोण खाणार ते सांगा.

पैसे घालण्याआधी दोन-तीन महिने पर्यटक म्हणून थायलंडला जाऊन तिथल्याच एखाद्या गेस्ट हाउसमध्ये फुकट हात लावला, तर शिकायला मिळेल ना? पगार घेणार नाही, मग काय हरकत?
*एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे*

हरकत आहे. थायलंडमध्ये परमिटशिवाय केलेलं काम हे कामच, पगार असो नसो. ५ हजार ते ५० हजार बाट दंड आणि परत पाठवणी. एकदा तसं परत पाठवलं की पुढे परमिट मागताना तेच आडवं येतं. ज्या मालकाने तुम्हाला ठेवलं त्यालाही दंड. काउंटरवर पासपोर्टच्या प्रती काढणं हेसुद्धा काम. परदेशी पाहुण्याची खबर चोवीस तासांत इमिग्रेशनला द्यावी लागते, तेव्हा तिथे अधिकारी येत-जात असतात.

हे शिकायला देश सोडायची गरज नाही. आपल्याकडे राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, कोकणात अशी कितीतरी घरं आहेत. मे महिन्यात दापोली-गुहागरकडे एखाद्या ओळखीच्या घरी राहा आणि घरच्या बाईंना म्हणा, मला पाहुणा समजू नका. पाहुण्यांनी अकराला खोली सोडली, नवे दोनला येणार. मधल्या तीन तासांत चार खोल्यांच्या चादरी, न्हाणीघरं, केर, पाण्याची टाकी, आणि खाली बारा माणसांचं जेवण, त्यात दोघांना नारळ चालत नाही. महिनाभर हे करून तुमची कंबर काय म्हणते ते मला कळवा, मग पुढचं बोलू.